उघाडी

नात रडते, पण पाणी येत नाही.
पंचवीस दिवस झाले.
चेहरा लाल, मुठी घट्ट, आतली टाळू दिसते,
आणि डोळे कोरडे,
नव्या सेक्टरमधल्या नळासारखे.

मी त्याच कामातला. एकतीस वर्षं फिटर.
घणसोलीत बिल्डिंगा उठल्या नव्हत्या तेव्हा
आम्ही पाइप टाकत होतो.
माणूस नाही, मोरी नाही,
चिखलात नुसती लाइन, तोंडाला गोणपाट बांधलेलं.
लोक राहायला आले, तोटी फिरवली,
हवा फुसफुसली, मला शिव्या पडल्या.
मी सांगायचो, लाइन आहे. पाणी येईल.

कोपरखैरण्याच्या सावेबाईंनी तेच सांगितलं.
चिठ्ठीच्या मागे पेनाने डोळा काढला,
वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्यात
पाच-सहा टिंबं.
"सातव्या आठवड्यात इथे कोंब फुटतात.
गर्भ तेव्हा केवढा? वालाच्या दाण्याएवढा.
कोंब आधी भरीव असतात.
आत शिरता शिरता फाटे फुटतात,
मग पोखरले जातात."
मी विचारलं, पोखरतं कोण?
त्या थांबल्या.
"आतल्या पेशी बाजूला होतात. काही मरतात."

सातव्या आठवड्यात
जागृती लिंबू हुंगत खिडकीशी बसायची,
जावई महाप्याला रात्रपाळीत,
मी आणि बायको नावांवरून भांडत होतो,
आणि तिच्या पोटात
रडण्याची तयारी चालू झाली होती.
हसण्याची कधी होते
ते डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहिलं.

दीड महिन्याने पाणी आलं.
उजव्या डोळ्याचं आलं आणि गेलं.
डावा मात्र झोपेतही वाहायचा,
पापण्या चिकटून बसायच्या, कापूस भिजवून सोडवायच्या.
परत चिठ्ठी, परत पेन.
"गाल आणि नाक जुळतात तिथे सुरुवातीला एक चर असतो.
चर बुजतो. खाली दोरी गाडलेली राहते.
दोरीची नळी होते, डोळ्यापासून नाकापर्यंत,
आणि खालचं तोंड उघडतं सगळ्यात शेवटी.
तिथे पातळ पडदा असतो, झडपेसारखा. हिचा मिटलेलाच आहे."

मी म्हटलं, उघाडी.

त्यांना शब्द माहीत नव्हता.
मग मीच सांगितलं. खाडीच्या बांधाला लाकडी दार असायचं,
ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर ढकलायचं,
भरती आली की आपसूक मिटायचं.
गोठिवलीच्या खाजणात आमची होती, आंब्याच्या फळीची.
आता तिथे सिग्नल आहे.

त्यांनी माझी करंगळी धरून दाखवलं.
आतल्या कोपऱ्यावर टेकवायची,
नाकाच्या कडेने खाली ओढायची.
दहा वेळा, दिवसातून चार वेळा. नखं कापून.
दोघांनी लटकून फिरवायचे व्हॉल्व्ह
या हातांनी एकट्याने फिरवलेत.
इथे करंगळीसुद्धा जड वाटते.

कोपऱ्यावर बोट ठेवलं की बापूस दिसतो,
मोजणीच्या दिवशी, बांधावर.
सरकारी माणसं साखळी ओढत चिखलात घसरत होती.
गावात अजून सांगतात,
सगळे रडले, गोमा रडला नाही.
मी बारा वर्षांचा, त्याच्या मांडीला चिकटून उभा.
डोळे कोरडे होते, खरं आहे.
पण तो सारखा नाक ओढत होता.
"सरदी झाली रं," म्हणाला.
मे महिना होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी
डाव्या पापण्या आपल्या आपण उघडल्या.
जागृती घाबरली. "बाबा, पाणी बंद झालं?"
दुपारी लस टोचली. नात किंचाळली,
दोन्ही डोळे काठोकाठ भरले,
थरथरले,
सांडले नाहीत.

मग नाकातून सुर्र आवाज आला.

मी म्हटलं, लाइन चालू आहे.